बाई, आमचा लघुपट दाखवाल का?

(वाचकांचे प्रश्न. बेळगावात दरवर्षी जानेवारीत सामाजिक विषयांवरच्या लघुपटांचा एक छोटा महोत्सव भरतो. त्याच्या निवड समितीत असलेल्या आणि खानापूर तालुक्यात हायस्कूलला मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई या अंकात उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मी खानापूरला बी.ए.ला आहे. आमचं गाव भीमगडच्या जंगलात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाट बंद होते, आजारी माणसाला झोळीत घालून खांद्यावरून आणावं लागतं. यावर मी मोबाइलवर 22 मिनिटांचा लघुपट केलाय. चांगला कॅमेरा नाही, माइक नाही. असलं महोत्सवात घेतात का? — एक विद्यार्थी, खानापूर तालुका

घेतात की! मोबाइलवर केलाय म्हणून कुणी बाजूला ठेवत नाही. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरतात, त्यामुळे 22 मिनिटं नियमात बसतात. पण तुझ्या विषयाला 22 मिनिटं लागतात का, हे तू स्वतःला विचार. निवडीला येणाऱ्या बहुतेक लघुपटांत पहिली तीन-चार मिनिटं डोंगर, धुकं, सूर्योदय आणि बासरी यातच जातात. ती काढून टाक आणि सरळ झोळीपाशी ये.

झोळीचा बांबू कोण धरतं, किती चाललं की खांदा बदलतात, चढणीला मागच्याच्या अंगावर जास्त भार कसा येतो, वाटेत कुठल्या दगडावर झोळी टेकवतात, फोनला रेंज कुठल्या वळणावर मिळते, हे तुला माहीत आहे. बाहेरून आलेल्या पत्रकाराला ते एका दिवसात कळणार नाही. झोळीतली म्हातारी काय बोलते ते ऐकव. ती बोलत नसेल तर तिचं गप्प राहणंही तसंच राहू दे, त्यावर संगीत घालू नकोस.

आवाजाचं मात्र मनावर घे. अंधुक चित्र प्रेक्षक सोसतो, पण न कळणारं बोलणं तो सोसत नाही. बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात दुसरा मोबाइल रेकॉर्डिंग लावून ठेव आणि घरी आल्यावर तो आवाज चित्राशी जुळव. सुरुवातीला एक टाळी वाजवलीस की जुळवणं सोपं जातं. ओढ्याच्या काठावर मुलाखत घेऊ नकोस. ओढ्याचा आवाज वेगळा, पाच मिनिटं सलग घे. तो पुढं कामाला येतो.

आणखी दोन गोष्टी. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तेव्हा जंगलात चित्रीकरण करायचं तर वनखात्याची परवानगी आधी हातात घे, नाहीतर त्रास गावकऱ्यांना होईल. दुसरं म्हणजे, गाव सोडून बाहेर वसायचं की नाही यावर तिकडं घराघरांत दोन मतं आहेत. भाऊ एका बाजूला आणि भावजय दुसऱ्या बाजूला, असंही असतं. दोघांनाही बोलू दे. तू कुठल्या बाजूचा आहेस ते लपवायचं कारण नाही, पण दुसऱ्याचं म्हणणं अर्ध्यावर कापू नकोस. एवढं करून 12-14 मिनिटांचा झाला की पाठव. मी वाट बघते.

प्रश्न : माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तुमच्या महोत्सवांत गरिबांच्या हालांवरचेच सिनेमे असतात. आमचे हाल शिकलेल्यांनी खुर्चीत बसून बघायचे, हळहळायचं आणि चहा पिऊन घरी जायचं. त्यात आम्हाला काय मिळतं? — एक वाचिका, निपाणी

ताई, तुमचा राग रास्त आहे आणि तो छापला जावा असा मी संपादकांकडं आग्रह धरला.

तुमच्या निपाणीचंच उदाहरण देते. 1981 म्हटलं की सगळ्यांना तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं. शरद जोशींचं नेतृत्व, हमरस्त्यावर ठाण मांडून बसलेले शेतकरी, एप्रिलमधला गोळीबार. त्याच काळात वखारीतल्या बायकाही संघटना बांधत होत्या, आणि त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. ती गोष्ट टिकली ती एका लघुपटामुळं. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरामन नवरोज काँट्रॅक्टर यांनी 1980 मध्ये बेंगळूरला ‘युगांतर’ नावाचा गट काढला होता. पुण्यातल्या मोलकरणींच्या लढ्यावर लघुपट करून हा गट निपाणीत आला. चार महिने त्यांनी वखारीतल्या बायकांचं ऐकून घेतलं, संघटना कशी वाढवायची यावरच्या त्यांच्या चर्चांत ते बसले, आणि मग 1982 मध्ये ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा सुमारे 25 मिनिटांचा कृष्णधवल लघुपट तयार झाला. कॅमेरा वखारीच्या आत गेलाय. तिथली धूळ दिसते, नाकातोंडावर बांधलेला पदर दिसतो. पण मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते बायकांचं बोलणं. मालक काय म्हणाला, आम्ही काय म्हणालो, पहिल्यांदा भीती कशी वाटली, हे त्या स्वतः सांगतात. त्यांच्यावर दया करावी असं एका क्षणीही वाटत नाही. युगांतरचे लघुपट थेटरात लावायला केलेले नव्हतेच. वस्त्यांत आणि कामगारांच्या बैठकांत दाखवायचे, त्यावर बोलायचं, दुसऱ्या गावच्या बायकांनी त्यातून आपलं काही उचलायचं, यासाठी ते होते. पुढं बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेनं त्या प्रिंट दुरुस्त करून डिजिटल रूपात आणल्या, म्हणून आज ते पुन्हा बघायला मिळतात.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. ज्यांचं जगणं पडद्यावर येतं ती माणसं सभागृहात बसलेली असली पाहिजेत, आणि पहिलं बोलणं त्यांचं असलं पाहिजे. ती नसतील तर तुम्ही म्हणता तसंच होतं. म्हणून आम्ही दोन तासांच्या खेळात एक तास पडद्याला आणि एक तास बोलण्याला देतो. पाहुण्यांचं स्वागत, शाल, हार यात वेळ घालवत नाही. समोरच्या दोन रांगा त्या-त्या कामातल्या माणसांसाठी राखतो आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या एसटीचा खर्च महोत्सव करतो. त्या दिवशीची मजुरी बुडू नये म्हणून खेळ रविवारी दुपारी ठेवतो. माइक आधी त्यांच्याकडं जातो, दिग्दर्शकाकडं नंतर.

विडी कामगारांवरचा एक लघुपट झाल्यावर पुढच्या रांगेतली एक मावशी उठली. दिग्दर्शक पुण्याचा मुलगा होता. ती त्याला म्हणाली, “बाळा, तू कोरडं पान कापताना दाखवलास. पान आदल्या रात्री भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवावं लागतंय. कोरडं कापलं तर तुकडं पडत्यात, आणि वाया गेलेल्या पानाचं पैसं आमच्या मजुरीतनं कापत्यात.” एवढं सांगून ती बसली. मजुरीतली ती कपात लघुपटात कुठंच आली नव्हती, आणि त्या धंद्यातली खरी लूट तीच होती. मुलगा दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेला, तिनं पान भिजवण्यापासून कात्रीनं कापेपर्यंतचं काम पुन्हा करून दाखवलं, आणि लघुपटात तो भाग नव्यानं आला. बोलण्याचा तास मला यासाठीच हवा असतो.

निवडीत माझा एक हट्टही असतो. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेच्या दिवसांत कॅमेरे घेऊन फिरणारे पुष्कळ असतात. जोगतिणीचा, म्हणजे देवीला सोडलेल्या बाईचा, चेहरा अगदी जवळून घेतात, डोळ्यातलं पाणी घेतात. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं बंदी आली. त्या बाईची मुलगी आज कुठंतरी शिकत असेल, कुणाच्या घरात नांदत असेल. तो चेहरा गावोगाव दाखवला तर तिचं काय होईल? म्हणून मी प्रत्येक दिग्दर्शकाला विचारते, पडद्यावरच्या माणसानं हा लघुपट पाहिलाय का? पाहून ‘दाखवा’ म्हटलंय का? उत्तर ‘नाही’ असेल तर छायाचित्रण कितीही सुंदर असो, मी तो घेऊ देत नाही. समितीत यावरून वाद होतात, होऊ देत.

तुमच्या आईंना जानेवारीत घेऊन या. त्यांना बोलायचं नसेल तर नुसतं बसू देत.

प्रश्न : सीमाभागातली मराठी माणसं इतकी वर्षं मराठीसाठी झगडताहेत. मग तुमच्या महोत्सवात कन्नड लघुपट कशाला? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

1956 पासूनची सल मला कुणी समजावून सांगायला नको. मी आयुष्यभर मराठी शिकवली, मराठी शाळांचे पट घसरताना वर्गात उभं राहून पाहिलेत. मराठीत कागदपत्रं मिळावीत, पाट्या असाव्यात, शाळा टिकाव्यात ही मागणी माझीही आहे.

पण तुम्ही शहापूरचे आहात. वडगाव, खासबागच्या विणकरांच्या गल्ल्या तुमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या जवळ. तिथल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये एका मागावर मराठी घरातला माणूस असतो आणि शेजारच्या मागावर कन्नड घरातला. सुताचा दर वाढला की दोघांच्या घरी सारखीच ओढाताण. साडीला उठाव नसला की दोघांचेही माग बंद. त्या शेडवर कन्नड मुलीनं लघुपट केला, तर तो वडगावातल्या मराठी माणसाला दाखवायचा नाही, हे मला पटत नाही.

जगातला सगळ्यात जुना लघुपट महोत्सव म्हणून ज्याचं नाव घेतात तो जर्मनीतला ओबरहाउझेनचा. कोळसा-पोलादाच्या कामगारांचं शहर. 1954 मध्ये तिथल्या प्रौढशिक्षण संस्थेचे प्रमुख हिल्मार होफमान यांनी तो सुरू केला. महायुद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती, देशाचे दोन तुकडे पडले होते, आणि त्या महोत्सवात पूर्व युरोपातले, म्हणजे पलीकडच्या गटातले लघुपट दाखवत असत. त्यांचं घोषवाक्यच होतं ‘शेजाऱ्याकडे जाणारी वाट’. आपल्या जिल्ह्याइतकी त्या वाक्याची गरज कुणाला असेल?

आमचा रिवाज असा आहे : कन्नड लघुपटाला मराठी उपशीर्षकं, मराठी लघुपटाला कन्नड. भाषांतर इथल्याच माणसाकडून करून घेतो. मराठी पुस्तकी नको, आमच्या घरात बोलतात ती हवी. पांढरी अक्षरं, कडेला काळी रेघ, एका वेळी दोनच ओळी, आणि मोठ्यानं वाचून बघता येईल इतका वेळ त्या पडद्यावर राहिल्या पाहिजेत. तरी वयस्कर मंडळींना वाचणं जमत नाही. त्यांच्यासाठी सभागृहाच्या एका कोपऱ्यात दहा-बारा खुर्च्या असतात आणि दोन्ही भाषा येणारं कॉलेजचं एक पोर हळू आवाजात सांगत बसतं. आमच्याकडं दोन्ही भाषा येणारी पोरं हवी तितकी मिळतात. एवढ्या वर्षांच्या भांडणात आपल्याकडं ही श्रीमंतीही जमली आहे, आणि ती वापरायची मला फार इच्छा असते.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलन होतं. आदल्या संध्याकाळी लघुपट दाखवायचं आम्ही ठरवलंय. परवानगी लागते का? सामान काय लागतं? पंच म्हणतात, सिनेमा म्हटल्यावर दंगा होणार. — युवक मंडळ, बेळगाव तालुका

पंचांना सांगा, कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांनी गावच्या पैशानं आणि गावच्या जेवणावर संमेलनं भरवली. ग्रंथदिंडीला हजारो माणसं येतात, तिथं पडद्यापुढं दीडशे माणसं शांत बसतील. खरं सांगायचं तर शहरातल्या आमच्या महोत्सवापेक्षा तुमचा पाया भक्कम आहे. तुमच्याकडं मंडप आहे, भांडीकुंडी आहेत, वर्गणी मागायला जाणारी माणसं आहेत.

परवानगीचं नीट समजून घ्या. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार लोकांपुढं दाखवायच्या चित्रपटाला, मग तो पाच मिनिटांचा का असेना, सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवाला त्यातून सूट मिळू शकते, ती केंद्राचं माहिती व प्रसारण खातं देतं. त्यासाठी लघुपटांची यादी आणि प्रत्येकाचा सारांश जोडून वेळेआधी अर्ज करावा लागतो, तिकीट विक्री न करता नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवावं लागतं. सूट मिळेलच असंही नसतं. केरळ सरकारच्या चलच्चित्र अकादमीचा तिरुवनंतपुरमचा माहितीपट-लघुपट महोत्सव केवढा मोठा, तरी 2017 मध्ये त्यांच्या तीन माहितीपटांना सूट नाकारली होती. त्याआधी 2004 च्या मुंबईच्या ‘मिफ’ या आंतरराष्ट्रीय माहितीपट-लघुपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरची अट घातली, तेव्हा देशभरातल्या माहितीपटकारांनी विरोध केला. अट मागे घेतली गेली, पण कितीतरी चित्रपट निवडीत गळाले. तेव्हा त्यांनी शेजारीच ‘विकल्प’ नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. तुमचं पहिलं वर्ष आहे. प्रमाणपत्र असलेले लघुपट निवडा, आणि दिग्दर्शकाची दाखवण्याची लेखी परवानगी घ्या. यूट्यूबवर आहे म्हणजे लावायला मोकळं, असं नसतं. लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी तुम्हाला संमेलनामुळं ठाऊक आहेच.

दिवस ठरवताना सुगी बघा. भात कापून, मळून घरात आल्याशिवाय बायका संध्याकाळी मोकळ्या होत नाहीत. सुगी झाल्यावर आणि जत्रा सुरू व्हायच्या आत, हा काळ चांगला. थंडी असते, तेव्हा साडेसहाला सुरू करून साडेआठला आटपा. पडदा पश्चिमेकडं तोंड करून लावू नका, मावळतीचा उजेड थेट त्यावर येतो. प्रोजेक्टर भाड्यानं घेताना जास्त प्रकाशाचा मागा. लग्नात लावतात तसले लहान प्रोजेक्टर मोकळ्या मैदानात फिके पडतात. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, आणि आवाज पाठीमागच्या म्हातारीला विचारून ठरवा. सगळे लघुपट एकाच लॅपटॉपवर उतरवून आदल्या रात्री शेवटपर्यंत चालवून बघा. इंटरनेटवर भिस्त ठेवू नका. लाइट जाणारच, जनरेटर हवा.

क्रम लावणं मात्र कुणी विचारत नाही आणि माझा सगळा जीव त्यात असतो. पाचापेक्षा जास्त लघुपट घेऊ नका. पहिला हलका आणि गावातल्यांना ओळखीचा वाटेल असा लावा. सगळ्यात जड लघुपट तिसरा, आणि त्यानंतर लगेच दुसरा लावू नका. दिवे लावा, माणसांना पाच-दहा मिनिटं द्या. समजा, रस्त्यासाठी गेलेल्या शेतजमिनीवरचा लघुपट आहे. तो तुमच्या भागात दाखवलात तर हलगा-मच्छे बायपाससाठी ज्यांची पिकाऊ जमीन गेली ती माणसं समोर बसलेली असतील. त्यांना बोलावंसं वाटणार, एखाद्याला रडू येणार. ते कापून पुढचा विनोदी लघुपट सुरू केलात तर तुम्ही त्यांचा अपमान केलात. शेवटचा लघुपट मुलांचा ठेवा, मुलं जागी असतील तर आया थांबतात.

प्रश्न : लघुपट कुठं-कुठं पाठवावा? एका ऑनलाइन महोत्सवानं 3,000 रुपये भरले तर ‘उत्कृष्ट दिग्दर्शक’ प्रमाणपत्र देतो म्हटलंय. — चिक्कोडी

भरू नका. दर महिन्याला बक्षिसं वाटणारे आणि कुठल्याच सभागृहात एकही खेळ न लावणारे असे पुष्कळ निघालेत. विचारायचं एकच : तुम्ही कुठल्या गावात, कुठल्या सभागृहात, कुणासमोर दाखवणार? उत्तर येत नसेल तर सोडून द्या.

मुंबईचा ‘मिफ’ 1990 पासून दर दोन वर्षांनी होतो. तिरुवनंतपुरमचा 2008 पासून दरवर्षी, आणि तिथले प्रेक्षक जाणते आहेत. नुसतं बघायला म्हणून तरी एकदा जाच. परदेशात ओबरहाउझेन आणि फ्रान्समधलं क्लेर्मों-फेरां. पण आधी आपल्या तालुक्यात दाखवा.

प्रश्न : इतकी वर्षं लघुपट दाखवून एक तरी रस्ता झाला का? — खानापूर

रस्ता झाला नाही. एका लघुपटानंतर दोन गावांतल्या बायकांनी मिळून तहसीलदारांना निवेदन दिलं, रेशन दुकान आठवड्यातून दोन दिवस उघडायला लागलं. त्या बायका आधी एकमेकींना ओळखत नव्हत्या, त्या संध्याकाळी एका रांगेत बसल्या होत्या.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना आणलं तर चालेल का? — एक शिक्षक, नंदगड

शनिवारी सकाळचा खेळ मुलांचाच असतो, सर. आठवीच्या पुढची आणा, लहानांना उपशीर्षकं वाचताना दम लागतो. येण्याआधी काही समजावून सांगू नका. आणि नंतर निबंध लिहून घेऊ नका. एक लघुपट निवडून त्यातला एक प्रसंग त्यांनाच करून बघायला सांगा, आमच्याकडचे दोन जुने मोबाइल आणि एक स्टँड तुम्हाला महिनाभर वापरायला देऊ. नावं डिसेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत कळवा, म्हणजे जेवणाचं ठरवता येईल.